पायात चाके की पायाखाली फळी?

आपल्या वस्त्यांतील मुलांना चाकांचे वेड नवे नाही. कंपनीच्या भंगारातून मिळालेली तीन बेअरिंगे, एक फळी आणि मूठभर खिळे एवढ्या भांडवलावर गल्लीबोळांतून बेअरिंगची गाडी धावत असे. तिच्या खडखडाटाने रात्रपाळी करून झोपलेला बाप जागा होई, मग गाडीची आणि मुलाची, दोघांचीही खैर नसे. ती मुले आता स्वतः आईबाप झाली आहेत आणि त्यांची मुले कुणी स्केट मागतात, कुणी स्केटबोर्ड. बोनसमधून येणार एकच वस्तू. मग घ्यावे काय?

स्केट म्हणजे चाके लावलेला बूट. पुढे दोन आणि मागे दोन अशी मोटारीसारखी चाके असतील तर तो क्वाड, चाके एका ओळीत असतील तर इनलाइन. दोन्हींत तोंड समोर आणि दोन्ही पाय स्वतंत्र, म्हणजे चालण्याचीच पुढची पायरी. स्केटबोर्डाची गोष्ट वेगळी. दोन्ही पाय एकाच फळीवर, अंग आडवे आणि नजर खांद्यावरून पुढे. पाय फळीला बांधलेले नसतात. त्यामुळे तोल गेला की फळी एकीकडे आणि मूल दुसरीकडे.

गंमत अशी की बोर्डाचा जन्म स्केटमधूनच झाला. १९५० च्या दशकात अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मुलांनी स्केटची चाके काढून फळीला ठोकली. आपल्या बेअरिंगच्या गाडीचाच हा भाऊ, फक्त उभ्याने चालवायचा. आजही दोन्हींत बहुधा एकच बेअरिंग असते, ६०८ नंबरचे. आतला व्यास ८ मिलिमीटर, बाहेरचा २२, जाडी ७. पिंपरी-चिंचवडच्या कामगाराला याहून अधिक सांगायला नको. एका चाकात दोन, म्हणून बोर्डात ८ आणि आठ चाकांच्या स्केटजोडीत १६. धूळ खाल्लेले बेअरिंग साफ करायला दुकानदाराकडे जाण्याची गरज नाही, घरातला फिटर ते काम चहा होईपर्यंत उरकतो.

शिकायला सोपे काय, असे विचाराल तर सुरुवातीला स्केट. सात-आठ वर्षांचे मूल क्वाडवर पहिल्या दिवशी भिंत धरून उभे राहते आणि थोड्याच दिवसांत मैदानाला फेरी मारू लागते. अडचण धावण्याची नसते, थांबण्याची असते. क्वाडचा ब्रेक पुढे चवड्याशी असतो, साध्या इनलाइनचा मागे टाचेशी आणि शर्यतीच्या इनलाइनला तर ब्रेकच नसतो. बोर्डावर सरळ जाणे लवकर जमते, पण फळीसकट उडी मारायला, जिला ऑली म्हणतात, कित्येक महिने जातात. शंभर वेळा पडून एकशेएकाव्यांदा उठणारे मूल असेल तरच त्या वाटेला जावे. कोणता पाय पुढे ठेवायचा हे ओळखण्याची एक युक्ती आहे. मुलाला नकळत मागून हलकेच ढकलावे. सावरायला जो पाय पुढे पडेल, तो बहुधा फळीवरही पुढचा. (हे काम आजीवर सोपवू नये, ती मुलाला ढकलणारच नाही.)

आता पैशांचे. स्केट पायाच्या मापाचे असतात आणि मुलांचे पाय काही आपल्या पगाराकडे बघून वाढत नाहीत. माप वाढवता येणारे स्केट मिळतात, पण तेही दोन-चार मापांपुरते. पुढे मूल शर्यतीत उतरले की लागणारा जोड कामगाराच्या महिन्याच्या पगारालाही भारी पडतो. फळीला असे माप नाही. थोरल्याची फळी धाकटीला चालते. लाकूड मोडले तर तेवढीच फळी बदलायची, खालचा सांगाडा आणि चाके पुन्हा वापरायची. मात्र खेळण्याच्या दुकानातला प्लॅस्टिकच्या सांगाड्याचा बोर्ड स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नये. ते पैसे गेलेच म्हणून समजावे.

जागा आणि शिक्षक यांबाबत स्केटचे पारडे जड आहे. निगडीच्या यमुनानगरात महापालिकेचे स्केटिंग मैदान आहे, अनेक शाळांत शिक्षक येतात, वयोगटांच्या स्पर्धा होतात. बोर्डाचा शिक्षक शोधावा लागतो, पण सरावाला सोसायटीच्या वाहनतळाएवढी गुळगुळीत जागा पुरते. गुळगुळीतच हवी, कारण बोर्डाचे चाक जेमतेम ५०-५५ मिलिमीटरचे आणि कडक. हरभऱ्याएवढा खडा आडवा आला तरी ते जागीच अडते. तळेगाव-चाकण रस्ता किंवा नाशिक महामार्ग, जिथे कंटेनरची रांग तुटत नाही, तिथे दोन्हींपैकी काहीही नेऊ देऊ नये. त्यात वाद नको.

'हे श्रीमंतांचे चोचले' असे म्हणणाऱ्यांना आम्ही पुण्याच्या श्रद्धा गायकवाडचे नाव सांगतो. वडील सुरक्षारक्षक. २०२२ मध्ये गुजरातेत झालेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत तिने स्केटबोर्डच्या स्ट्रीट प्रकारात सुवर्णपदक मिळवले. मध्य प्रदेशात पन्ना जिल्ह्यातल्या जनवार गावी २०१५ मध्ये बोर्डाचे मैदान झाले. तिथे नियम दोनच होते, मुली आधी आणि शाळा बुडवली तर बोर्ड नाही. आदिवासी आणि यादव घरांची मुले, जी एरवी एकमेकांपासून दूर राहत, ती एकाच उतारावर खेळू लागली. तिथलीच आशा गोंड २०१८ मध्ये चीनमधल्या जागतिक स्पर्धेपर्यंत गेली. मुलीचे गुडघे फुटतील, मग तिचे लग्न कसे होईल, असे अजूनही आमच्या कानावर येते. मुलाचे गुडघे फुटले तर कोणी विचारत नाही.

स्केटही मागे नाहीत. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ३००० मीटर रिलेत भारताच्या पुरुषांना आणि महिलांना कांस्यपदके मिळाली. पुरुषांच्या चमूत महाराष्ट्राचे सिद्धांत कांबळे आणि विक्रम इंगळे होते. ऑलिम्पिकमध्ये मात्र या शर्यती नाहीत आणि स्केटबोर्ड २०२१ च्या टोकियोपासून आहे. तिथे स्ट्रीट प्रकारात महिलांचे पहिले सुवर्ण जपानच्या तेरा वर्षांच्या मोमिजी निशियाने घेतले.

आमचे मत विचाराल तर आठ वर्षांच्या आतल्या मुलाला क्वाडच द्यावेत, तेही कुणाचे वापरलेले मिळाले तर उत्तम. दहाच्या पुढे, मूल जिद्दी असेल आणि जवळ फरशीची जागा असेल तर बोर्ड. पण आधी एखाद्या रविवारी शेजाऱ्याची वस्तू मागून तासभर खेळू द्यावे. खरेदीत हेल्मेट पहिले, मग मनगटाचे आणि गुडघ्याचे पट्टे आणि उरलेल्या पैशांत चाके. पावसाळ्यात ओली फरशी टाळावी. चुकून भिजलेच तर चाके त्याच संध्याकाळी काढून पुसावीत आणि प्रत्येक बेअरिंगमध्ये पातळ तेलाचा एकच थेंब सोडावा.