गीझरखालचे पाणी येते कुठून?

गीझरखाली किंवा वॉशिंग मशीनच्या मागे सकाळी थोडेसे पाणी साचलेले दिसते. पुसले की फरशी कोरडी होते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ओली. नळ बंद आहेत, पाइपही धड दिसतो. मग दिसेल त्या जॉइंटला पांढरे सिमेंट लावले जाते आणि तरीही पाणी थांबत नाही. याचे कारण साधे आहे. पाणी जिथे दिसते, तिथूनच ते गळत असेल असे नाही. ते पाइपच्या खालच्या बाजूने, भिंतीतल्या भेगेतून किंवा फरशीच्या उतारावरून सरकत जाते आणि भलत्याच जागी टपकते. म्हणून ‘कुठे गळते’ याच्या आधी ‘केव्हा गळते’ हे पाहावे.

मात्र शोध सुरू करण्यापूर्वी त्या उपकरणाचा वीजपुरवठा बंद करा. हात ओले असतील किंवा बटण ओल्या जागी असेल, तर थेट बोर्डावरचा एमसीबी खाली करा. नळाला किंवा मशीनला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. अर्थिंग तपासून घ्या आणि घरात ३० मिलिअँपिअरला वीज तोडणारा आरसीसीबी आहे का, तेही विचारा.

वेळ सांगते कारण

चार दिवस कागदावर नोंद ठेवा : पाणी कधी दिसले, त्याआधी कोणते उपकरण चालू होते आणि हवा कशी होती.

रात्रभर काहीच न वापरता सकाळी फरशी ओली असेल, तर गळती बहुधा पुरवठ्याच्या बाजूला आहे. या पाइपात पाणी सतत दाबाखाली असते. टाकी जितकी उंचावर तितका दाब जास्त. दर १० मीटर उंचीला सुमारे १ बार. त्यामुळे उंच इमारतीच्या खालच्या मजल्यांवर जुना वॉशर आधी हार मानतो. सेकंदाला एक थेंब ही गळती किरकोळ वाटते, पण दिवसाला ती सुमारे २० लिटर होते.

मशीनने पाणी सोडल्यावरच फरशी ओली होत असेल, तर दोष निचऱ्याच्या पाइपात किंवा तुंबलेल्या जाळीत शोधा. जलशुद्धीकरण यंत्राची टाकाऊ पाण्याची बारीक नळी सिंकमधून निसटली, तरी यंत्र चालू असतानाच पाणी दिसते.

गीझर तापताना थेंब पडत असतील, तर ती कदाचित गळतीच नसेल. २५ अंशांचे पाणी ६५ अंशांपर्यंत तापले की ते सुमारे पावणेदोन टक्के प्रसरण पावते. म्हणजे १५ लिटरच्या गीझरमध्ये पाव लिटर पाणी जास्तीचे होते. थंड पाण्याच्या तोंडाशी बसवलेला सुरक्षा व्हॉल्व्ह ते हळूहळू बाहेर सोडतो. हा व्हॉल्व्ह कधीही बुजवू नका. वाढलेल्या दाबाला बाहेर पडायची ती वाट आहे. फक्त तिला बारीक नळी जोडून पाणी मोरीत सोडा. गीझर बंद असतानाही तिथून थेंब पडत राहिले, तर व्हॉल्व्हमध्ये क्षार अडकले असतील किंवा पाण्याचा दाब जास्त असेल. पाणी गीझरच्या खालच्या झाकणातून येत असेल, तर गीझर वापरणे ताबडतोब थांबवा. त्या झाकणामागेच विजेच्या तारा असतात.

चौथे कारण हवेचे. तापमान ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर सुमारे २६ अंशांहून थंड असलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर बाष्पाचे पाणी होते. पावसाळ्यात थंड पाइपला, एसीच्या नळीला येणारा ‘घाम’ तो हाच. एसीची निचऱ्याची नळी तुंबली की हेच पाणी भिंतीवरून ओघळते.

कागद, रंग आणि पांढरा थर

संशयित पाइप पूर्ण पुसून प्रत्येक जॉइंटला टिश्यू पेपर गुंडाळा. सुरुवात सर्वांत वरच्या जॉइंटपासून करा. जो कागद आधी भिजेल, तिथे दोष. जॉइंटवरचा पांढरा, खडबडीत थरही मोठी खूण आहे. झिरपलेले पाणी वाळते आणि क्षार मागे राहतात. बाष्पाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, त्यामुळे ते असा थर सोडत नाही. फ्लशच्या टाकीत खाण्याच्या रंगाचे थेंब टाकून अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला, तर आतला व्हॉल्व्ह गळतो आहे.

प्रश्न आरोग्याचाही

डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला अंडी घालायला थोडेसे साचलेले स्वच्छ पाणी पुरते. फ्रिजमागचा किंवा एसीखालचा ट्रे त्याला सोयीचा. अंड्यापासून डास तयार व्हायला आपल्या हवेत साधारण आठ-दहा दिवस लागतात; म्हणून असे ट्रे दर आठवड्याला रिकामे करून घासावेत. अंडी कडेला चिकटलेली असतात, नुसते पाणी ओतून देणे पुरत नाही.

ओल एक-दोन दिवस टिकली तरी बुरशी धरू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील ओल आणि बुरशीबाबत मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. ओलसर घरात राहणाऱ्यांना खोकला, धाप आणि दमा यांचा त्रास अधिक होतो, असे त्यात नमूद आहे. मुलाचा खोकला घरीच वाढत असेल, तर औषधाबरोबर कपाटामागची भिंतही पाहावी. बुरशीवर नुसता रंग मारल्याने ती जात नाही. आधी पाणी थांबवावे, भिंत वाळू द्यावी, मगच रंग.

प्लंबर आला की ती चार दिवसांची नोंद त्याच्या हाती द्या. फरशी फोडायची की पन्नास रुपयांचा वॉशर बदलायचा, हे ठरवायला तिचाच उपयोग होईल.