विजेचा इशारा सर्व्हरवरून सुटतो, पण तुमचा मोबाईल वाजतो का?

येळ्ळूर : मे महिन्यात शिवारात धूळवाफ पेरणीची घाई असते आणि नेमका दुपारनंतर वळीव येतो. राजहंसगडावर ढग दाटले तरी ‘एवढी एक पट्टी उरकूया’ म्हणून माणूस थांबतो. हीच वेळ धोक्याची. अशा वेळी खिशातला मोबाईल सावध करू शकतो, पण त्यासाठी इशारा कसा येतो ते समजून घ्यायला हवे.

वीज चमकली की रेडिओ लहरी बाहेर पडतात. पूर्वी गडगडाट सुरू झाला की रेडिओ खरखरायचा, तो यामुळेच. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने या लहरी टिपण्यासाठी देशात ठिकठिकाणी सेन्सर बसवले आहेत. कोणत्या सेन्सरला लहर किती आधी मिळाली, यावरून पुण्यातील सर्व्हर विजेची जागा ५०० मीटरच्या आत ठरवतो. तुमच्या आसपास २० ते ४० किलोमीटरमध्ये वीज पडत असेल तर संस्थेचे ‘दामिनी’ अॅप इशारा देते. कर्नाटकाच्या आपत्ती निरीक्षण केंद्राचे ‘सिडिलु’ अॅपही विजेसाठीच आहे. सिडिलु म्हणजे कन्नडमध्ये वीज.

सर्व्हरवरून इशारा येण्याच्या वाटा तीन. अॅपला इंटरनेट लागते. एसएमएसला इंटरनेट नको, फक्त रेंज हवी. पण एकाच वेळी लाखो मेसेज सुटले तर उशीर होतो. तिसरी वाट सेल ब्रॉडकास्टची. यात टॉवर आपल्या टप्प्यातील सगळ्या मोबाईलना एकदम इशारा देतो, नंबरचीही गरज नाही. १२ ऑक्टोबर २०२३ रोजी कर्नाटकात याचीच चाचणी झाली. मोबाईल अचानक मोठ्याने वाजल्याने अनेकजण दचकले होते.

अॅप घेऊनही आवाज येत नसेल तर बहुतेक वेळा चूक सेटिंगची असते. एवढे तपासा :

– अॅपला नोटिफिकेशनची परवानगी द्या.
– लोकेशन चालू ठेवा, नाहीतर तुम्ही कुठे आहात हे अॅपला कळणार नाही.
– बॅटरी सेव्हर अॅपला झोपवतो. या अॅपला त्यातून वगळा.
– इमर्जन्सी अलर्ट बंद केला असेल तर चालू करा.

आपल्या भागात आणखी एक अडचण आहे. मेसेज कन्नड किंवा इंग्रजीत आला की घरातील वयस्कर मंडळी तो न वाचताच मोबाईल बाजूला ठेवतात. शाळा-कॉलेजच्या मुलांनी त्यांना एवढे तरी सांगावे, की हा आवाज आला की शिवार सोडायचे.

इशारा येताच झाडाखाली थांबू नका, पक्के घर गाठा. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे बाहेर पडू नका. आणि मोबाईल वाजला नाही, पण गडगडाट ऐकू आला, तर तोच इशारा समजा.