काचेतला निळा आणि नाल्यातला लाल

पर्यावरण संरक्षण कायदा १९८६चा. त्याला चार दशकं झाली म्हणून सध्या परिसंवादांचा हंगाम आहे आणि त्यातला यंदाचा नवरदेव आहे हायड्रोजेल. कोळंबीच्या टरफलांपासून, समुद्री शेवाळापासून किंवा कापसाच्या सेल्युलोजपासून केलेला हा मऊ पदार्थ रंगीत सांडपाण्यात सोडायचा, तो रंग धरून ठेवतो आणि पाणी निवळतं. पडद्यावर दोन बाटल्या दाखवतात, एक गडद निळी, एक नितळ. टाळ्या पडतात. रायगड जिल्ह्यातल्या डोलवीत राहून धाटावच्या एमआयडीसीत सांडपाणी विभागात उभी नोकरी काढलेल्या माझ्यासारख्याचं ती निळी बाटली बघून डोकं उठतं.

रंगांची विद्या आपल्याकडे नवी नाही. मुंबईत १९३३ साली यूडीसीटी, म्हणजे विद्यापीठाची रासायनिक तंत्रज्ञान शाखा, सुरू झाली. तिथल्या के. वेंकटरामन यांचा कृत्रिम रंगांवरचा ग्रंथ १९५२पासून जगभर वापरला गेला आणि तेच १९५७मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. जेलही जुनंच. १९६०मध्ये चेकोस्लोव्हाकियात विख्टर्ले आणि लिम यांनी पाणी धरणारं जेल जगासमोर आणलं, त्यातून मऊ कॉन्टॅक्ट लेन्स आली. पुण्याच्या त्याच प्रयोगशाळेने पुढे स्टार्चपासून ‘जलशक्ती’ नावाचा पाणी शोषणारा पदार्थ केला, तो शेतातल्या ओलाव्यासाठी. सत्तर आणि ऐंशीच्या दशकांबद्दल माझ्याकडे फारसं सांगण्यासारखं नाही. १९७४चा पाणी कायदा आला, कारखाने आले, नाले रंगले.

खरी मजा नव्वदच्या दशकात. वडखळ नाक्यावर एसटी पकडायची, नागोठण्यावरून रोहा, तिथून धाटाव. त्या काळात कारखान्यात दोनच शब्द कानावर पडत, एक्स्पोर्ट आणि जर्मनी. जर्मनीने १९९४मध्ये काही ॲझो रंगांवर बंदी घातली. आपल्याकडे बेन्झिडीनचे रंग १९९३पासून बंद झाले आणि १९९७मध्ये आणखी ७० ॲझो रंगांवर बंदी आली. चांगलंच झालं. पण जर्मन माणसाच्या अंगावरच्या शर्टाची काळजी आम्हाला आधी लागली आणि आमच्या नाल्याची मागाहून, हे लिहून ठेवायला हवं.

विद्राव्य रंग तयार झाला की द्रावणात मीठ घालून तो खाली बसवतात. फिल्टर प्रेसमध्ये केक अडकतो आणि खालून जे गळतं ते मदर लिकर. ते खारट असतं, आम्लधर्मी असतं आणि रंगीत तर असतंच. ते आमच्याकडे यायचं. आमच्या हातात चुना, तुरटी आणि हिराकस. पिगमेंट म्हणजे न विरघळणारी बारीक पूड, ती गाळाबरोबर मुकाट्याने बसते. विरघळलेला ॲसिड किंवा रिॲक्टिव्ह रंग बसत नाही. एवढी साधी गोष्ट मुंबईहून येणाऱ्या सल्लागारांना सांगून सांगून आमची तोंडं दुखली. ते बीकरमध्ये पिगमेंटचं पाणी घेत, तुरटी टाकत, निवळलेलं पाणी साहेबांना दाखवत आणि संध्याकाळच्या गाडीने बिल देऊन परतत. दुसऱ्या दिवशी नाला पुन्हा लाल.

मग कुणीतरी हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, सुचवलं. रंग उडाला, सगळे खूश. रंगाच्या रेणूचे क्लोरीन चिकटलेले तुकडे पाण्यातच राहत होते, पण ते डोळ्यांना दिसत नव्हते, म्हणून ते नव्हतेच. प्रदूषण नियंत्रण बोर्डाचा माणूस येणार अशी कुणकुण लागली की बोअरचं पाणी सोडलं जाई. गाळाच्या गोणी मागच्या आवारात ताडपत्रीखाली. पावसाळ्यात ताडपत्रीचं काय होई ते कोकणातल्या वाचकाला सांगायला नको.

तरी त्या दशकाची एक गोष्ट आठवून हळहळ वाटते. फेसाचा रंग आणि वास यांवरून आज कुठली बॅच उतरली ते सांगणारे ऑपरेटर तेव्हा होते. आता ऑनलाइन मीटर आहेत आणि मीटरकडे बघणारं कुणी नाही. खाडीतला जिताडा मासाही पूर्वीसारखा मिळत नाही. त्याला एकटे रंग जबाबदार आहेत असं मी म्हणणार नाही.

पुढची वर्षं भराभर गेली. ऑगस्ट २०१७मध्ये आपल्याच जिल्ह्यात तळोज्याला निळे कुत्रे फिरताना दिसले, फोटो जगभर गेले, ज्याच्या रंगाने ते निळे झाले तो कारखाना बंद करायला लावला गेला. तिथल्या कासाडी नदीच्या प्रदूषणाची तक्रार त्याआधी किती वर्षं चालू होती. दखल घ्यायला कुत्र्यांना रंगावं लागलं.

आता पुन्हा हायड्रोजेल. त्यामागचं रसायनशास्त्र पक्कं आहे, त्याबद्दल वाद नाही. टरफलातला चुना आम्लाने काढायचा, प्रथिनं अल्कलीने, मग तीव्र अल्कलीने कायटिनचं कायटोसान करायचं. त्याच्यावरचे अमिनो गट आम्लात धनभारित होतात आणि ॲसिड रंगांना पकडतात. शेवाळातल्या अल्जिनेटचे कार्बोक्सिल गट उलट बेसिक रंगांना धरतात. अल्कलीने किंवा आम्लाने धुतलं की जेल पुन्हा वापरता येतं.

पण बाटलीत असतं काय? मिथिलीन ब्ल्यू, तोही डिस्टिल्ड वॉटरमध्ये. १८७६मध्ये बनलेला, मोजायला सोपा, अल्जिनेटला सहज चिकटणारा बेसिक रंग. धाटावच्या मदर लिकरमध्ये मीठ असतं, मिठाचे आयन रंगाशी त्याच जागांसाठी भांडतात आणि जेलची ताकद घटते. फुगलेलं जेल कॉलममध्ये चेपतं. धुऊन निघालेला रंग जातो कुठे, तर पुन्हा आमच्याच गाळात. आणि ‘हरित’ म्हणून मिरवणारी कित्येक जेलं ॲक्रिलामाइडपासून बनतात किंवा ग्लुटारल्डिहाइडने बांधली जातात. ॲक्रिलामाइड मज्जासंस्थेला घातक आहे, हे त्याच्या बाटलीवरच छापलेलं असतं. परिसंवादातली निळी बाटली ही तुरटीच्या बीकरची नवी आवृत्ती आहे.

लोणेरेचं विद्यापीठ, माटुंग्याची कापूस तंत्रज्ञान संस्था, आयसीटी (म्हणजे पूर्वीची यूडीसीटी), सगळे धाटावपासून एका दिवसाच्या जाण्यायेण्यावर आहेत. संशोधकांना विनंती एकच. कारखान्याच्या फिल्टर प्रेसखालून एक कॅन मदर लिकर न्या, त्यात मीठ किती होतं ते लिहा, धुतल्यावर रंग कुठे टाकला ते लिहा आणि जेल पाचव्या वापरात फुटलं असेल तर तेही छापा.