पंपाची भीती नको, ओळख हवी

कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी, कोळकेवाडी धरणालगत वसलेल्या अलोरे गावात पावसाळाभर भिंती सुकत नाहीत. ओल धरलेल्या भिंतीवर बुरशी चढते, दारं-खिडक्या बंद राहतात, ओलं लाकूड चुलीत धुमसत राहतं आणि संध्याकाळी डासांची कॉइल पेटते. उन्हाळ्यात भाजवळीचा धूर असतो. दमेकऱ्याच्या श्वासनलिकांना डिवचणारं सगळं इथे आहे.

2019 च्या जागतिक रोगभार अभ्यासानुसार जगातल्या दमेकऱ्यांपैकी सुमारे 13 टक्के भारतात आहेत. दम्याने होणाऱ्या मृत्यूंत मात्र भारताचा वाटा 40 टक्क्यांहून अधिक आहे. दम्यावर चांगली औषधं आहेत, तरीही ही तफावत आहे. तिच्यामागे औषधांबद्दलच्या समजुतींचा मोठा हात आहे, म्हणून त्या एकेक करून तपासायला हव्यात.

गैरसमज : पंप हे शेवटचं औषध. एकदा लागला की सुटत नाही.

वस्तुस्थिती : पंप म्हणजे औषध थेट श्वासनलिकेत पोचवण्याचा मार्ग. साल्ब्युटामॉलची गोळी 4 मिलिग्रॅमची असते, पंपाच्या एका फवाऱ्यात तेच औषध 100 मायक्रोग्रॅम असतं. म्हणजे एका गोळीत 40 फवाऱ्यांइतकं औषध पोटात जातं, रक्तातून अंगभर फिरतं, हात थरथरतात, छाती धडधडते. आणि फुप्फुसाच्या वाट्याला थोडंच येतं. ज्या गोळीला लोक सौम्य समजतात तिचाच डोस मोठा असतो.

पंपाचं व्यसन लागत नाही. तो बंद केल्यावर धाप परत येते, कारण दमा हा दीर्घकाळ राहणारा आजार आहे. साधारण तीन महिने त्रास पूर्ण आटोक्यात राहिला, तर डॉक्टर डोस कमीही करतात.

गैरसमज : धाप लागली की पंप घ्यायचा. एरवी कशाला?

वस्तुस्थिती : दम्यात तीन गोष्टी होतात. श्वासनलिकांभोवतीचे स्नायू आवळतात, आतलं अस्तर सुजतं आणि चिकट कफ साचतो. साल्ब्युटामॉल फक्त स्नायू सैल करतं. काही मिनिटांत मोकळं वाटतं, चार ते सहा तासांनी परिणाम ओसरतो. सूज मात्र तशीच राहते. ती उतरवतं बुडेसोनाइडसारखं श्वासातून घ्यायचं स्टेरॉइड, आणि ते रोज, बरं वाटत असतानाही घ्यावं लागतं. पाऊस थांबला की गळती दिसत नाही, पण कौलं चाळली नाहीत तर पुढच्या सरीला घर पुन्हा गळतंच.

म्हणूनच दम्याच्या उपचारांची जागतिक मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ‘जिना’ने 2019 पासून सांगितलं आहे, की प्रौढ आणि किशोरवयीन रुग्णांनी फक्त साल्ब्युटामॉलवर राहू नये. आता बुडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला पंपही दिला जातो. तो लगेच मोकळं करतो आणि सूजही उतरवतो. वर्षाला 200 फवाऱ्यांचे तीन किंवा अधिक साल्ब्युटामॉल पंप संपत असतील, तर दमा आटोक्यात नाही, हे ओळखून डॉक्टरांकडे जावं. कोणता पंप कशासाठी हे रंगावरून ठरवू नये, नाव वाचावं.

गैरसमज : स्टेरॉइडने हाडं ठिसूळ होतात, मुलांची उंची खुंटते.

वस्तुस्थिती : ही भीती गोळ्या-इंजेक्शनांच्या स्टेरॉइडवरून आली आहे. अटॅकमध्ये प्रेडनिसोलोन हे पोटात घ्यायचं स्टेरॉइड दिवसाला 40 मिलिग्रॅम दिलं जातं. श्वासातून घ्यायच्या बुडेसोनाइडचा कमी डोस दिवसाला 200 ते 400 मायक्रोग्रॅम असतो. उंचीचा प्रश्न अमेरिकेतल्या संशोधकांनी मुलं मोठी होईपर्यंत तपासला. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत बुडेसोनाइड घेतलेल्यांची उंची सरासरी 1.2 सेंटिमीटरने कमी भरली. हे लपवण्याचं कारण नाही. पण आटोक्यात नसलेला दमाही मुलाची वाढ रोखतो, आणि जीवही घेऊ शकतो. पंपानंतर चूळ भरून थुंकावी, म्हणजे तोंडात बुरशीचा संसर्ग होण्याची शक्यता कमी होते. खरा धोका आहे तो नाव नसलेल्या पुड्यांचा, कारण त्यांत मोठ्या डोसचं स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं.

गैरसमज : अडुळशाचा काढा किंवा कोजागिरीचं औषध पुरेसं आहे.

वस्तुस्थिती : अडुळशाला कमी लेखू नये. त्यातल्या व्हॅसिसिनवरूनच कफ पातळ करणारं ब्रोमहेक्सिन घडवलं गेलं. पण कफ सुटणं म्हणजे सूज उतरणं नव्हे. काढा जरूर घ्या, पंप बंद करू नका. वर्षातून एकदा घ्यायच्या कुठल्याही औषधाने दमा कायमचा जातो, याला पुरावा नाही.

गैरसमज : विडी ओढत नाही, म्हणजे फुप्फुसं चांगली.

वस्तुस्थिती : वर्षानुवर्षं चुलीचा धूर घेतलेल्या बायकांना सीओपीडी हा फुप्फुसांचा दीर्घकाळचा आजार होऊ शकतो. दम्याची धाप कमी-जास्त होते, सीओपीडीची हळूहळू वाढत जाते. त्यात टायोट्रोपियमसारखं 24 तास टिकणारं, श्वासनलिका रुंद ठेवणारं औषध लागतं. शेजारणीचा पंप म्हणूनच आपल्याला चालेल असं नाही. आधी स्पायरोमेट्री ही फुंकण्याची तपासणी करून घ्यावी. कॉइलही टाळावी. 2003 च्या एका अभ्यासात एका कॉइलच्या धुरातले सूक्ष्म कण 75 ते 137 सिगारेटींइतके भरले होते.

गैरसमज : पंप तोंडात मारला की झालं.

वस्तुस्थिती : घाईत मारलेला फवारा घशातच बसतो. पंप हलवावा, श्वास पूर्ण सोडावा, मग फवारा मारत सावकाश आत ओढावा आणि दहा सेकंद रोखावा. मुलांना आणि वृद्धांना स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, द्यावा. कॅप्सूलमधली पूड ओढायच्या रोटाहेलरचं उलट आहे : त्यात श्वास जोरात ओढायचा असतो, आणि कॅप्सूल गिळायची नसते. कोकणातल्या दमट हवेत ही पूड गोळा होते, म्हणून कॅप्सूल घेण्याच्या वेळीच बाहेर काढावी.

शेवटचं आणि सर्वांत महत्त्वाचं. एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा पंपाचा आराम टिकत नसेल, तर घरी वाट पाहू नये. 108 ला फोन करावा. गाडी येईपर्यंत रुग्णाला बसतं ठेवून साल्ब्युटामॉलचे 4 ते 10 फवारे स्पेसरमधून एकेक करून द्यावेत, गरज पडल्यास 20 मिनिटांनी पुन्हा. कामथ्याचं उपजिल्हा रुग्णालय किंवा डेरवणचं वालावलकर रुग्णालय गाठायला अलोऱ्याहून वेळ लागतो, पावसात आणखी. म्हणून जून लागण्याआधीच डॉक्टरांना भेटून रोजचा पंप सुरू आहे ना, स्पेसर घरात आहे ना, आणि अटॅक आला तर काय करायचं हे घरातल्या प्रत्येकाला माहीत आहे ना, याची खात्री करून घ्यावी.