पेशीची चूल आणि तिच्यावरचा पहारेकरी

विज्ञानाशी माझा संबंध दहावीनंतर संपला, आणि खरे सांगायचे तर त्याचे मला फारसे वाईटही वाटले नव्हते. पण गेल्या वर्षी माझ्या आत्याला कर्करोग झाला. तिची पेट तपासणी झाली तेव्हा जिथे गाठ होती तिथे चित्रात निखाऱ्यासारखा ठिपका दिसला. 'गाठ साखर खाते' एवढे एक वाक्य कुणाच्या तरी तोंडून घरात आले आणि त्या दिवसापासून आत्याचा चहा बिनसाखरेचा झाला. मग भात गेला, केळी गेली. आधीच वाळलेली आत्या आणखी वाळली. त्या वाक्यात खरे किती, हे पाहण्यासाठी मी ग्रंथालयात जाऊन बसले.

वाक्य खोटे नव्हते. या तपासणीत शिरेतून ग्लुकोजचा एक सोंगाड्या सोडतात. त्याच्या अंगावर किरणोत्सर्गी फ्लोरिनचा अणू असतो. पेशी त्याला ग्लुकोज समजून आत घेते, पण तो पुढे फुटत नाही, आतच अडकतो. जिथे ग्लुकोजची ओढ जास्त, तिथे उजेड जास्त. (आपला मेंदूही असाच उजळून दिसतो, हे मात्र घरी कुणी सांगितले नव्हते!)

गाठीची ही भूक प्रथम दाखवून दिली ती बर्लिनच्या ऑटो वारबुर्ग यांनी, १९२० च्या दशकात. पेशी ग्लुकोज दोन टप्प्यांत वापरते. पहिल्या टप्प्यात प्राणवायू लागत नाही. ग्लुकोजचा एक रेणू फोडून 'एटीपी' या ऊर्जेच्या नाण्याचे जेमतेम २ रेणू हाती लागतात. दुसरा टप्पा मायटोकॉन्ड्रिया नावाच्या सूक्ष्म भट्ट्यांत चालतो. तिथे प्राणवायू वापरून उरलेले सारे जाळले जाते आणि एकूण मिळकत ३० च्या आसपास जाते. प्राणवायू मुबलक असताना शहाणी पेशी दुसरा टप्पा सोडणार नाही. वारबुर्ग यांना दिसले की गाठीतल्या पेशी प्राणवायू असूनही भरमसाट ग्लुकोज पहिल्याच टप्प्यावर फोडतात आणि लॅक्टिक आम्ल बाहेर टाकतात. ओल्या लाकडाच्या चुलीसारखे हे आहे. सरपण भाराभर, धूर फार, आच थोडी. त्यांनी निष्कर्ष काढला की भट्ट्याच बिघडल्या आहेत आणि तेच कर्करोगाचे मूळ. इथे मात्र ते चुकले. बहुतेक गाठींत भट्ट्या शाबूत असतात. शिवाय वाढीची घाई असलेल्या पेशीला नुसती ऊर्जा पुरत नाही, नव्या पेशी बांधायला मालही लागतो, आणि तो अर्धवट फुटलेल्या साखरेतून मिळतो.

मग चूल अशी पेटवतो कोण? याच्या उत्तराचा एक भाग ज्या जनुकाकडे जातो त्याचे नाव पी-५३. हे प्रथिन १९७९ मध्ये सापडले. त्याचे वजन त्रेपन्न हजार एकक आहे असे मोजमापात दिसले, म्हणून हे नाव. प्रत्यक्षात ते चव्वेचाळीस हजारांच्या आसपास भरते, पण नाव चिकटले ते चिकटलेच. पहिली दहा वर्षे शास्त्रज्ञ त्याला कर्करोग घडवणारे समजत होते. १९८९ मध्ये उलगडा झाला की ते कर्करोग रोखणारे आहे. पेशीच्या डीएनएला इजा झाली की ते विभाजन थांबवते, दुरुस्तीला सवड देते, आणि दुरुस्ती अशक्य असेल तर पेशीला मरायला लावते. माणसाच्या सुमारे निम्म्या कर्करोगांत हे जनुक बिघडलेले आढळते. चोर ठरवलेला माणूस पहारेकरी निघावा, तसे झाले.

२००६ मध्ये कळले की या पहारेकऱ्याचे लक्ष चुलीवरही असते. अमेरिकेत बेथेस्डा येथील संशोधकांना दिसले की पी-५३ हे 'एससीओ-२' नावाचे दुसरे जनुक चालू ठेवते. मायटोकॉन्ड्रियात जे एन्झाइम प्राणवायू प्रत्यक्ष वापरते, त्याच्या जुळणीला एससीओ-२ लागते. पी-५३ काढून टाकलेल्या पेशींचा प्राणवायूचा वापर घटला आणि लॅक्टिक आम्ल वाढले. पी-५३ नसलेले उंदीर पोहताना लवकर थकले. गंमत अशी, की वारबुर्ग यांना १९३१ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते याच श्वसन-एन्झाइमावरील कामासाठी. त्याच वर्षी ग्लासगोमध्ये पी-५३ च्या हुकमाने बनणारे 'टायगर' हे प्रथिन सापडले. नाव वाघाचे, काम लगामाचे. ते साखर फोडण्याचा वेग कमी करते. याखेरीज ग्लुकोज आत घेणारी दारेही पी-५३ आवरून धरते. म्हणजे हे एक जनुक गेले की दारे सताड उघडतात, लगाम सुटतो आणि भट्टी मंदावते.

सगळे इतके सरळ मात्र नाही. ज्या कुटुंबांत पी-५३ चा बिघाड वारशाने येतो, अशा काही माणसांच्या स्नायूंत प्राणवायूचा वापर उलट वाढलेला दिसला, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. कुठला बिघाड, कुठल्या पेशीत, यावर बरेच अवलंबून असते.

आता आत्याच्या चहाकडे येते. बिघाड चुलीच्या ताब्यात आहे, डब्यातल्या साखरेत नाही. आपण साखर बंद केली तरी रक्तातले ग्लुकोज आटत नाही. यकृत ते तयार करत राहते, आणि खाणे फारच कमी पडले तर त्यासाठी स्नायूंतली प्रथिनेही मोडते. गाठीला तिचा वाटा मिळतोच. उपाशी राहते ती आत्या. मी हे डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, त्यांना मधुमेह नाही, वजन घटू देऊ नका, पोटभर जेवू द्या.

त्या दिवशी संध्याकाळी मीच भात लावला. चहात आता एक चमचा साखर असते. आत्याला दीड हवी असते.