बांगडीच्या मापाचे शास्त्र

लग्नसराईच्या दिवसांत कासाराच्या दुकानी गर्दी उसळलेली असताना, पुढे केलेला हात आपल्या हातात घेऊन, अंगठ्याच्या मुळाशी एकवार दाबून पाहून, कोणतीही पट्टी वा फीत हाती न धरता ‘दोन-सहा’ असे माप सांगून मोकळा होणारा कासार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्याच्या अजमासाचे नवल वाटल्यावाचून राहत नाही. मनगटाकडे तो फारसे लक्षच देत नाही. आणि त्याच्या विद्येचे मर्म नेमके येथेच आहे. जे वर्तुळ ताणत नाही की वाकत नाही, त्याच्यासाठी मुक्कामाच्या जागेपेक्षा वाटेतील अडचणीचे माप अधिक महत्त्वाचे असते; आणि मनगटाकडे जाणाऱ्या बांगडीच्या वाटेतील सर्वांत मोठी अडचण म्हणजे अंगठ्याच्या मुळापाशी रुंदावलेला पंजा होय.

या पंजाची रचना विलक्षण आहे. मनगटातील आठ लहान हाडे धरून एका हातात २७ हाडे असतात. त्यांपैकी तळहातातील पाच लांब हाडांमध्ये तर्जनी आणि मध्यमा यांची हाडे मनगटाशी जवळजवळ अचल जोडलेली असतात, अनामिकेचे थोडे हलते, आणि करंगळीचे त्याहून बरेच अधिक हलते. अंगठ्याचा मुळाशी असलेला खोगिरी सांधा तर इतका मोकळा असतो की अंगठा तळहातावरून आडवा जाऊन करंगळीला सहज भिडतो. कासार हाताची चवड करून अंगठा आत दुमडतो आणि करंगळीची बाजू किंचित पुढे वळवतो, तेव्हा या हलत्या हाडांचा लाभ घेऊन तो पंजाची रुंदी घटवीत असतो. “हात सैल सोडा, वहिनी,” ही त्याची विनवणीही निव्वळ गोड बोलणे नसते. अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा हा स्नायूंचा समूह आहे. भीतीने हात आखडला की ते स्नायू फुगून कठीण होतात, आणि सैल सोडला की दाबाखाली सहज चपटतात. माघार घ्यावयाची ती हातानेच, कारण काचेला ती ठाऊक नाही. काच दाब पुष्कळ सोसते, परंतु ताण फार थोडा सोसते. तिच्या पृष्ठभागावरील डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरांच्या टोकाशी तो ताण एकवटतो, आणि किंचितही न लवता बांगडी एकदम वाढते.

आता मापाच्या हिशेबाकडे वळू. बांगडीचे माप म्हणजे तिचा आतील व्यास होय, आणि तो इंच व आणे यांत सांगण्याचा शिरस्ता आजतागायत चालू आहे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी सुरू होऊन सरकारी हिशेबातून आणे उठले, तरी बांगडीच्या बाजारात सोळा आण्यांचा इंच अद्याप टिकून आहे. दोन-चार म्हणजे दोन इंच चार आणे, अर्थात सव्वादोन इंच. दोन-आठ म्हणजे अडीच इंच. मधले टिंब पाहून हे आकडे दशांश अपूर्णांक समजण्याची चूक मात्र महागात पडते. कारण दशांशाने वाचलेले २.४ इंच जवळजवळ ६१ मिलिमीटर भरतात, तर खऱ्या दोन-चारचा व्यास ५७ मिलिमीटरच असतो, आणि दोन-सहादेखील ६० मिलिमीटरांच्या किंचित पुढे जाऊन थांबते. दोन-दहा हे माप तर दशांशाने वाचणाऱ्यास दोन-दोनहूनही लहान वाटेल.

एका मापापासून पुढच्या मापापर्यंतचे अंतर दोन आण्यांचे, म्हणजे सुतार-गवंड्यांच्या भाषेत एका सुताचे असते. मिलिमीटरांत सांगावयाचे तर तीनाहून किंचित अधिक. व्यासातील या अंतराला पायच्या गुणोत्तराने गुणले असता परिघात पडणारी तफावत जवळजवळ नेमकी एक सेंटिमीटर येते, आणि या योगायोगामुळे घरच्या घरी माप घेणे अत्यंत सुलभ झाले आहे. अंगठा करंगळीच्या मुळाकडे दुमडून, बोटांच्या मुळांची हाडे आणि अंगठ्याचे मूळ यांमध्ये पंजा जेथे सर्वांत रुंद भरेल तेथे फीत गुंडाळावी. ती १७ सेंटिमीटर भरली तर माप दोन-दोन, १८ भरली तर दोन-चार, १९ ला दोन-सहा, २० ला दोन-आठ आणि २१ ला दोन-दहा. माप दोहोंच्या मध्ये पडल्यास काचेसाठी वरचे घ्यावे. रुंद कडे किंवा पाटली यांच्यासाठीही एक माप वाढवणे इष्ट, कारण पातळ बांगडी पंजाच्या उंचवट्यावरून तिरपी करून काढता येते, रुंद दागिन्याला मात्र ती मुभा नसते.

साखळी किंवा मण्यांचे ब्रेसलेट यांची गोष्ट निराळी. ते उघडते किंवा ताणते, म्हणून येथे मनगटाचेच माप प्रमाण मानावे आणि त्यात दीड ते दोन सेंटिमीटर मोकळीक धरावी. परंतु मण्यांची जाडी हिशेबात घेतली नाही तर येथेही फसगत होते. मण्यांतून ओवलेला दोरा मण्यांच्या मध्यातून जातो, तर मनगटाला स्पर्श करते ती आतली कड. या दोन वर्तुळांच्या परिघांत मण्याच्या व्यासाच्या सुमारे ३.१४ पट अंतर पडते. आठ मिलिमीटरच्या मण्यांची १८ सेंटिमीटर लांबीची माळ आतून जेमतेम साडेपंधरा सेंटिमीटर उरते, आणि मनगट बालकाचे असो वा पहिलवानाचे, ही अडीच सेंटिमीटरांची घट तेवढीच राहते.

दागिना तोच असून एखाद्या दिवशी तो घट्ट का होतो, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. सोने उष्णतेने प्रसरण पावते हे खरे. तथापि ६० मिलिमीटर व्यासाची सोन्याची बांगडी वीस अंशांनी तापली तरी तिचा व्यास मिलिमीटरच्या साठाव्या हिश्श्याइतकाच वाढतो. बदलतो तो हात. उन्हाळ्यात त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि ऊतींत द्रव साचतो. थंडीत त्या आकसतात आणि अंगठी सैल होऊन बोटातून निसटते. गरोदरपणात शरीरातील एकूण पाणी सहा ते आठ लिटरांनी वाढते, आणि अखेरच्या महिन्यांत त्याची सूज हातापायांवर उतरते. म्हणून डोहाळजेवणाच्या हिरव्या बांगड्या भरताना लग्नातील जुन्या मापाचा आग्रह धरू नये. कासाराकडे त्या दिवशीचा हात दाखवून माप ठरवावे.

घट्ट दागिना केवळ गैरसोयीचा नसतो, अपायकारकही असतो. मनगटाच्या अंगठ्याकडील बाजूस एक संवेदक मज्जातंतू त्वचेखाली अगदी उथळ असतो. आवळलेल्या कड्याने वा पट्ट्याने तो दाबला गेला की अंगठ्याच्या पाठीवर मुंग्या येतात आणि बधिरपणा जाणवतो. वार्टेनबर्ग या मज्जाविकारतज्ज्ञाने १९३२ साली या विकाराचे वर्णन केले. अंगठीचे संकट याहून त्वरेने ओढवते. बोट सुजू लागले की कमी दाबाच्या शिरा प्रथम मिटतात, धमन्यांतून रक्त येतच राहते, सूज वाढते आणि फास अधिकच आवळतो. अशा वेळी जोराने ओढू नये. हात उंच धरावा आणि साबण लावून पाहावे. तेवढ्याने न भागल्यास दोऱ्याचे टोक अंगठीखालून मनगटाकडे काढून, उरलेला दोरा अंगठीपासून मधल्या सांध्यापलीकडे बोटावर लगोलग वेढावा. नंतर ते मोकळे टोक नखाच्या दिशेने उलगडत नेले की अंगठी वेढ्यांवरून पुढे सरकते. बोटाला जखम झाली असेल, ते निळे पडले असेल किंवा बधिर झाले असेल, तर मात्र क्षणाचाही विलंब न लावता दवाखाना गाठून अंगठी कापून घ्यावी. कापलेले सोने सोनार पुन्हा सांधून देतो.

तेव्हा वाचकहो, दागिना खरेदी करण्यापूर्वी दोन गोष्टी अवश्य कराव्यात. माप दुपारनंतर, हात नेहमीसारखा उबदार असताना घ्यावे, आणि ज्या हातात दागिना घालावयाचा त्याच हाताचे घ्यावे, कारण कामाचा हात बहुधा किंचित मोठा भरतो. बांगडी सैल हाताने चढावी आणि मनगटावर सहज फिरावी. अंगठीने बोटाच्या सांध्यापाशी किंचित अडावे, पण मुळाशी रुतू नये. या कसोटीला न उतरणारा दागिना कितीही मौल्यवान असला तरी तो परत करावा.