पहिली गाडी उभ्यानं पारखावी

दिवाळीचा पाडवा साडेतीन मुहूर्तांतला अर्धा असला, तरी त्या दिवशी शोरूममधली गर्दी मात्र पुरेपूर असते. हार, नारळ, टायरखाली लिंबू हे सगळं त्या दिवशी व्हावं. गाडी पारखायला मात्र आधीच्या एखाद्या आडवारी दुपारी जावं, आणि पिकअप-ॲव्हरेजचं विचारण्याआधी ती बंद असतानाच तिच्यावर बसून पाहावं.

बसल्यावर साइड स्टँड काढा. दोन्ही चवडे आरामात टेकले आणि निदान एक टाच जमिनीला लागली, तर बोलणी पुढे न्यायची. शोरूमचे आकडे इथं पुरत नाहीत. स्प्लेंडर प्लसच्या सीटची उंची ७८५ मिलिमीटर, क्लासिक ३५० ची ८०५. फरक दोनच सेंटिमीटरचा. पण सीट रुंद असली की मांड्या फाकतात आणि पाय तितके खाली पोचत नाहीत.

मग उतरा, हँडल धरा आणि गाडी उलटी ढकलत थोड्या चढावर नेऊन दाखवा. स्वतःलाच. स्प्लेंडरचं वजन ११२ किलो, क्लासिकचं १९५. वरचे ८३ किलो रस्त्याला लागल्यावर जाणवतही नाहीत. ते जाणवतात पेट्रोल पंपाच्या रांगेत, बोळात गाडी वळवताना, ओल्या फरशीवर पाय सटकला की. शिकाऊ माणसाच्या हातून गाडी आडवी होते ती बहुधा अशाच ठिकाणी, आणि मग उचलायला चहाच्या टपरीवरचे दोघं धावत येतात.

पहिल्या गाडीला १०० ते १६० सीसी भरपूर झाले, असं माझं स्पष्ट मत आहे. यावर भाचेकंपनी नाराज होते. पण मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग, अटल सेतू हे आपल्याकडचे सगळ्यात वेगवान रस्ते दुचाकीला बंदच आहेत. उरतात जुने हायवे आणि जिल्ह्याचे रस्ते. तिथं गळीत हंगामात, मागे लाल दिवा नसलेली उसाची ट्रॉली अंधारात एकदम समोर येते. तिथं ताशी १४० ची गाडी घेऊन करायचं काय?

ब्रेककडे मात्र कंजुषी नको. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे. कचकन ब्रेक दाबला तरी चाक जाम होत नाही. सिंगल चॅनल म्हणजे ही सोय फक्त पुढच्या चाकाला, ड्युएल म्हणजे दोन्हीला. थोडे पैसे जास्त गेले तरी ड्युएल घ्यावं. आणि ‘पुढचा ब्रेक लावू नकोस, पालथा पडशील’ हा सायकलच्या काळातला सल्ला आता विसरा. ब्रेक लागताच गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो, त्यामुळे गाडी थांबवण्याचं मोठं काम तेच करतं. वाळूवर आणि वळणात जपून, एवढंच पथ्य.

सप्टेंबर २०२५ मध्ये ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. लाखाच्या गाडीमागे सात-आठ हजारांचा फरक पडला. तो लेग गार्ड, सीट कव्हर आणि स्टिकरांत घालवू नका. तेवढ्यात बरं हेल्मेट आणि हातमोजे येतात.

हेल्मेटसक्तीविरोधात पुण्यात आंदोलनं झाली, पगड्याही बाहेर निघाल्या. तो वाद मी इथं उकरत नाही. कायदा चालवणाऱ्याला आणि मागं बसणाऱ्यालाही लागू आहे, आणि जून २०२१ पासून आयएसआय नसलेलं हेल्मेट विकायलाही बंदी आहे. तरी फुटपाथवर टोपीवजा डबडी मिळतातच. हनुवटी झाकणारं पूर्ण हेल्मेट घ्या. बेळगावच्या व्हेगापासून फरिदाबादच्या स्टड्सपर्यंत आपल्याकडचा माल परवडणारा आहे. खरा प्रश्न मापाचा असतो. नवं हेल्मेट घातल्यावर गाल दाबले गेले पाहिजेत. हेल्मेट हातांनी डावी-उजवीकडे फिरवलं तर कपाळाची कातडीही सोबत सरकली पाहिजे. पट्टा लावून मागची कड वर ओढा. हेल्मेट डोक्यावरून निघालं तर ते तुमचं नाही. दहा मिनिटं दुकानातच घालून उभे राहा. कपाळाच्या मधोमध ठणका लागला, तर नंबर बरोबर असला तरी आकार वेगळा आहे, दुसऱ्या कंपनीचं बघा. आतलं थर्माकोल एकदाच दबण्यासाठी असतं. त्यामुळे अपघातात आपटलेलं हेल्मेट वरून कितीही धड दिसलं तरी ते बाद. जुनं हेल्मेट विकत घेऊ नये ते याचसाठी.

माणूस पडताना आधी हात टेकतो, म्हणून हातमोज्यांच्या तळव्याशी जाड, टणक पट्टी हवी. पायात घोटा झाकणारे बूट. चप्पल पहिल्या घसरणीतच निघून जाते. जॅकेट आपल्या उन्हात जाळीचंच चालेल. मात्र खिशासारख्या कप्प्यातून कोपर, खांदा आणि पाठीचे पॅड बाहेर काढून बघा. कोपराच्या पॅडवर ‘ईएन १६२१-१’ छापलेलं असतं, पाठीच्या जागी मात्र पुष्कळदा साधा फोम सरकवलेला सापडतो. तो बदलून खरा पॅड घालून घ्या. साधी जीन्स डांबरावर फार टिकत नाही, पण पहिल्या वर्षी पैसे कमी पडले तर पँट शेवटी घ्या.

लर्निंग लायसन्स सहा महिने चालतं आणि पक्क्यासाठीची परीक्षा तीस दिवसांनंतर देता येते. हे तीस दिवस रविवारी सकाळी रिकाम्या मैदानात घालवा. पहिला गिअर, हाफ क्लच, मागच्या ब्रेकवर अगदी हलका पाय आणि चालण्याच्या वेगानं आठाचा आकडा. नजर पुढच्या चाकावर ठेवली की पाय जमिनीवर येतोच. वळायचं आहे तिकडे मान आधी फिरवा, गाडी मागून येते. हे जमल्यावर मागे कुणाला तरी बसवून तोच आठ पुन्हा काढा, कारण वजन बदललं की क्लचचा सगळा हिशोब बदलतो.